अजब बंगल्यात आजी भेटली तर…

सदरला रूम करून राहता. सकाळी लेक्चर, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी टपरीवरचा चहा आणि रविवारी तर्री-पोहे. गावाकडून कुणी आलं की त्याला फुटाळ्यावर फिरवून आणता. आणि अजब बंगला? ‘शाळेच्या सहलीत पाह्यला ना बे, पेंढा भरलेले प्राणी हायेत तिथं,’ एवढं बोलून विषय संपतो.

तर मंडळी, एक दुपार मोकळी काढा आणि पुन्हा जा. सदरहून कस्तुरचंद पार्क मागे टाकला की सिव्हिल लाइन्समध्ये, विधानभवनाच्या परिसरात हे मध्यवर्ती संग्रहालय आहे. १८६३ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. प्राणी, शिल्पं, शस्त्रं सगळं बघा, पण वेळ राखून ठेवा आदिवासी कला-संस्कृतीच्या दालनासाठी. दागिने, वाद्यं, रोजच्या वापरातल्या वस्तू. फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडू नका. एकच वस्तू निवडा आणि तिच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. पकड कुठे आहे, काठ कसा बांधलाय, कुठे झिजलंय ते बघा. झिजलेली जागा सांगते, की हे शोभेसाठी बनलेलं नव्हतं.

आणि मग स्वतःला विचारा, हे बनवलं कुणी?

काचेपलीकडच्या वस्तूला सहसा गावाचं नाव असतं, जमातीचं असतं. घडवणाऱ्या माणसाचं क्वचितच. जमवणाऱ्यांची नावं मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘हिस्लॉपला ॲडमिशन मिळाली’ असं आपण सहज म्हणतो. ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी. इथले दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा त्यांनी जिद्दीने गोळा केल्या. संग्रहालय सुरू झालं त्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८६३ ला, टाकळघाटजवळची शिलावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांची टिपणं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडांच्या लिंगोची लांबलचक गाथा आहे. ती सांगितली होती एका परधानाने. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हिस्लॉप आहेत, टेम्पल आहेत. गाणारा नाही.

हिस्लॉप यांचे कष्ट खरे आहेत, ते नसते तर कदाचित ती गाथा कागदावर आलीच नसती. पण ती ज्याच्या गळ्यात होती, त्याचं काय?

याच परधान समाजातला एक मुलगा शंभरेक वर्षांनी मोठा झाला. परधान म्हणजे बाना वाजवत गोंडांच्या कथा गाणारे. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम भिंतीवर चित्रं काढायचा. १९८० च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनसाठी चित्रकार जे. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी गावोगाव कलावंत शोधत होते, त्यांना तो सापडला. १९८९ मध्ये त्याची कला पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली. आज त्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. आपल्याकडे पालघरच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रांना असंच नाव मिळवून दिलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाव लागलं की ‘आदिवासी कला’ एकदम कुणाची तरी होते. त्या माणसाचा हात, त्याची आवडनिवड, त्याची चूकसुद्धा दिसू लागते.

आता जरा जवळ या. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, मेळघाट, कुठूनही तुम्ही आला असाल. त्या दालनात एखाद्या पेटीसमोर थबकाल, कारण तसलीच वस्तू तुमच्या घरी चुलीमागे टांगलेली आहे. सोबतचे मित्र म्हणतील, ‘पहिले लोक काय काय वापरत होते ना!’ तेव्हा गप्प राहायचं, की ‘हे माझी आजी आजही वापरते’ असं म्हणायचं? सोपं नाही ते. हॉस्टेलमध्ये आपली बोलीसुद्धा आपण जपून काढतो. पण त्या क्षणी त्या दालनातले सगळ्यात जाणकार तुम्हीच असता. वस्तूचं घरचं नाव तुम्हाला माहीत असतं आणि ती कधी, कशी वापरतात तेही.

आणि गाव-बिव नसेल, जन्मच नागपूरचा असेल तरी सुटका नाही. तान्ह्या पोळ्याला तुम्ही ओढलेला लाकडी नंदी कुणीतरी कोरला होता. घरातलं सूप कुण्या बुरडाने विणलं होतं. विचारलं कधी, कुणी?

म्हणून संग्रहालयातून बाहेर पडलात की घरी फोन लावा. आजीला विचारा, याला आपल्याकडे काय म्हणतात? कोण बनवायचं? आता बनवतं का कुणी? तिचा शब्द जसाच्या तसा लिहून घ्या, ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. आजीसोबत वस्तू जात नाही, शब्द मात्र जातो.

दुसरं काम सदरपासून आणखी सोपं. सिव्हिल लाइन्समध्येच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो तेव्हा कारागीर स्वतः दुकान मांडून बसलेले असतात. सेल्फी काढाच, पण ‘कितीला देता?’ याच्या आधी ‘दादा, नाव काय तुमचं? कुठून आलात? शिकलात कुणाकडून?’ एवढं विचारा. भाव नंतर करा. शक्यतो करूच नका.

वहीत तीन रकाने पाडा. वस्तू, तिचं घरचं नाव, घडवणाऱ्याचं नाव. पहिला रकाना अजब बंगल्यात भरेल. उरलेले दोन भरायला माणसांकडेच जावं लागेल, आणि ती माणसं अजून फोन उचलतात. तेवढ्यात लावून घ्या.