आठ ग्रॅम, चार हजार किलोमीटर

दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम असतं. जवळपास तेवढ्याच वजनाचा एक पक्षी सप्टेंबरच्या मध्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या कडुनिंबावर, पेरूवर, आंब्यावर दाखल होतो. पक्षीनिरीक्षक त्याला हिरवट पर्णवटवट्या म्हणतात. त्याची घरटी उन्हाळ्यात सैबेरिया आणि मध्य आशियाच्या जंगलांत असतात. पश्चिम सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कपासून आपल्या शहरापर्यंतचं अंतर सरळ रेषेत सुमारे ४,००० किलोमीटर भरतं. मध्ये तिबेटचं पठार आणि हिमालय आडवा येतो, त्याला वळसा घालायचा तर अंतर आणखी वाढतं.

हा हिशेब माणसाच्या मापात मांडून पाहू. पक्ष्याची लांबी दहा सेंटीमीटर धरली, तर ४,००० किलोमीटर म्हणजे त्याच्या शरीराच्या ४ कोटी लांब्या. पावणेसहा फुटी माणसाने स्वतःच्या ४ कोटी लांब्या कापल्या, तर ७० हजार किलोमीटर होतील. पृथ्वीचा विषुववृत्तीय घेर ४० हजार किलोमीटर. म्हणजे या पक्ष्याची नुसती येण्याची खेप आपल्या मापाने पृथ्वीप्रदक्षिणा पावणेदोन वेळा करण्याइतकी आहे. एप्रिलमध्ये तेवढंच अंतर पुन्हा परतीचं.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षी हा प्रवास तो एकट्याने करतो. जून-जुलैत अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं होतं न होतं तोच दक्षिणेकडे निघतं. आई-बाप बरोबर नसतात. उडायचं बहुतेक रात्री. वाट दाखवायला तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, आणि कुठल्या दिशेला किती दिवस उडायचं याचा आराखडा जन्मजात. इंधन म्हणजे कातडीखाली साठवलेली चरबी. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून जास्त. पण आठ ग्रॅमच्या देहात साठवायचं तरी किती? म्हणून टप्प्याटप्प्याने उतरायचं, किडे खाऊन पुन्हा भरायचं आणि निघायचं.

हा पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो. गारखेडा, सिडको किंवा छावणीतल्या एखाद्या घरामागे सकाळी उभं राहिलं, की पानांतून ‘चिस्‌ली, चिस्‌ली’ असा तीक्ष्ण, दोन अक्षरी आवाज येतो. त्या दिशेने नजर लावली तर एक पान हलतं, मग शेजारचं. पाठ शेवाळी हिरवी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक पांढुरकी रेघ. देठाला उलटा लटकून तो पानाची खालची बाजू तपासतो, एखादी अळी किंवा मावा टिपतो आणि पुढच्या पानावर जातो. दिवसभर हेच काम. दक्षिणेत तमिळनाडूतल्या मुंडनथुराईच्या जंगलात मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस यांनी हिवाळ्यातल्या या पक्ष्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. हिवाळ्यातही प्रत्येक पक्षी आपापला इलाखा राखून राहतो. तो सतत येणारा आवाज शेजाऱ्याला दिलेली ताकीदच असते.

आता महिने मोजा. सप्टेंबरचा मध्य ते एप्रिल म्हणजे सात महिने तो इथे. सैबेरियातला मुक्काम मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत, जेमतेम तीन महिने. उरलेले दिवस वाटेत. आपण त्याला परदेशी पाहुणा म्हणत आलो, पण आयुष्यातला अर्ध्याहून अधिक काळ तो भारतात काढतो. इथलं एक झाड तुटलं, तर तुटतो तो त्याच्या वर्षाचा मोठा भाग.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला स्थलांतराचा आकडा कळतो तो भोरड्यांमुळे. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पूर्व युरोपपासून कझाकस्तान, मंगोलियापर्यंत यांची वीण होते. पावसाळा सरायच्या आतच पहिले थवे इकडे पोचतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची ती यांच्यासाठीच. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्याच भोरड्या फुलांतला मध पिताना दिसतात आणि परागकण झाडोझाड पोचवतात. तिकडे चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोकांनी यांच्यासाठी मुद्दाम दगडाविटांची घरटी उभारली आहेत, कारण एकेक पक्षी दिवसाला शंभराच्या वर टोळ फस्त करतो.

संध्याकाळी रातथाऱ्याला जमलेला भोरड्यांचा थवा डोळ्यांसमोर आणा. दहा हजार पक्षी धरले आणि एकाचं वजन सत्तर ग्रॅम, तर आभाळात एका वेळी सात क्विंटल वजन वळतं, दुमडतं, फाटतं आणि पुन्हा सांधतं. टक्कर होत नाही. भोरडीच्या युरोपीय भाऊबंदांच्या थव्यांचे रोममध्ये एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी फोटो घेऊन २००८ साली इटालियन शास्त्रज्ञांनी याचं कारण दाखवलं. प्रत्येक पक्षी साऱ्या थव्याकडे पाहत नाही, फक्त आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी ताळमेळ राखतो. त्या सहा-सातांचं भान एकातून दुसऱ्यात पसरत हजारोंपर्यंत पोचतं.

शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. दहा किलोमीटर लांबीच्या त्या भिंतीमागे उथळ पाणी पसरलं आणि पाण्यावरच्या पाखरांनी ते लगेच हेरलं. १९८६ मध्ये, म्हणजे दहाच वर्षांत, त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्यांमध्ये पट्टकादंब हंस असतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. हा हंस हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्र बसवलेल्या एका पट्टकादंबाची नोंद ७,२९० मीटर उंचीवर झाली आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक चार कळसूबाया रचल्या तरी तो हंस वरून निघून जाईल. त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण चाळीस टक्के उरतो, तिथे तो पंख मारत असतो.

ही रहदारी फक्त हिवाळ्याची नाही. थंडीचे पक्षी एप्रिलमध्ये गेले, की जूनच्या ढगांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो. मान्सूनचे नैर्ऋत्य वारे त्याला अरबी समुद्रावरून पाठबळ देतात. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पाऊस ओसरला की परततो. सातभाईंनी वाढवलेलं चातकाचं पिल्लू पुढे त्याच वाटेने जातं, खऱ्या आई-बापांकडून काहीही न शिकता.

जगात पक्षी आहेत तरी किती? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ९,७०० जातींचा अंदाज बांधला: सुमारे ५ हजार कोटी. माणशी सहा. त्यात चिमण्या १६० कोटी. पल्ल्यांचे विक्रमही असेच. २०२२ मध्ये अलास्काहून निघालेला पाच महिन्यांचा एक गॉडविट पक्षी ११ दिवस कुठेही न थांबता १३,५६० किलोमीटर उडाला आणि टास्मानियात उतरला.

हे प्रचंड आकडे आले कुठून, तेही सांगायला हवं, कारण माझ्या मनात सगळ्यात मोठा मान ते मोजणाऱ्या लोकांनाच आहे. २०२१ चा तो अंदाज बऱ्याच अंशी हौशी लोकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवलेल्या पक्ष्यांवर उभा आहे. भारतात ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवाल तयार झाला. दीर्घकाळाचा कल ज्यांच्याबाबत सांगता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्या आहेत. शंभरातल्या साठ. लांबून येणाऱ्या स्थलांतरितांची घसरण विशेष तीव्र आहे.

आपल्या शहराला या मोजणीचा वारसा नावातच मिळालेला आहे. दिल्ली गेटजवळच्या जुन्या तलावाला पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचं नाव आहे. तो तलाव, हिमायत बाग आणि विद्यापीठाचा परिसर अजून पाखरांना आसरा देतात. पण वटवट्याला एवढी मोठी बाग लागत नाही. औषध न फवारलेला एक पेरूही त्याच्या उपयोगी पडतो. म्हणून नवं घर बांधताना मागचं एक झाड वाचवा, त्यावरच्या अळ्या राहू द्या.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत त्यात २०१३ पासून आहे. नियम सोपा: एका जागी किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. चिमण्या चार तर चार, वटवट्या एक तर एक. एखाद्या वर्षी वटवट्याचा आवाज आलाच नाही, तर उरलेल्यांची पूर्ण यादी नोंदवा. त्या यादीत वटवट्या नसणं ही माहितीच आहे. घट कळते ती अशाच याद्यांमधून, आणि वेळेत कळली तर काही करता येतं.