छोट्या प्लेट, मोठं बिल?

निवांत गप्पा मारत देशी पदार्थ छोट्या प्लेटमध्ये खायचेत? लोअर परळच्या कमला मिलमध्ये २०१५ पासून सुरू असलेलं 'द बॉम्बे कँटीन' गाठा. टोस्टवर अंडं, चीज, मिरची असं एग्ज केजरीवाल मागवाच! पण बजेट? छोटी प्लेट वाटून खायची असते. चौघं जा, आधी दोनच प्लेट सांगा, पोट आणि पाकीट बघून पुढचं ठरवा. किमतीवर जीएसटी लागतोच. सर्व्हिस चार्ज मात्र कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये ऐच्छिक असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार तो परस्पर बिलात लावता येत नाही. दिसला तर बिनधास्त काढायला सांगा. आणि माणशी किती, हे निघण्याआधीच ग्रुपवर ठरवा. नाहीतर तुमच्यातलाच कुणीतरी 'भूक नाही रे' म्हणत नुसतं पाणी पीत बसेल.