काच खाणारा धूर

काच कशालाच दाद देत नाही, अशी आपली समजूत असते आणि ती बरीचशी खरीही आहे. प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्ल आणि नत्राम्ल काचेच्याच बाटलीत ठेवतात. मग एखाद्या कारखान्याच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या काचा दुधाळ का दिसू लागतात? मालक बिचारा साबण लावतो, व्हिनेगर लावतो, पण धुरकटपणा हटत नाही. कारण तो डाग नव्हेच. तेथली काचच झिजलेली असते.

काचेत शेकडा सत्तर भाग सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, असते. इतर आम्लांचे तिच्यापुढे फारसे चालत नाही. हायड्रोजन फ्लोराइड मात्र तिला फोडतो. तिच्यातले सिलिकॉन उचलून तो त्याचा वायू बनवतो आणि दगडासारखी काच चक्क हवेत उडून जाते! १७७१ साली शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरस्पार हे खनिज गंधकाम्लाबरोबर तापवले, तेव्हा त्याचे काचेचे पात्रच कोरले गेले. याच गुणाचा उपयोग करून कारागीर काचेवर वेलबुट्टी काढतात.

आता तुम्ही विचाराल, हा वायू रस्त्यावर येतो कुठून? सुपरफॉस्फेट खत ज्या फॉस्फेट दगडापासून करतात, त्यात फ्लोरिन असते. दगडावर गंधकाम्ल पडले की फ्लोरिनची संयुगे वायुरूपाने सुटतात. ॲल्युमिनियमच्या भट्टीत क्रायोलाइट वितळवतात, तेथेही तोच प्रकार. नीट चालणारा कारखाना हे वायू धुराड्यापाशीच अडवतो. ती व्यवस्था ढिली पडली की ते बाहेर येतात आणि दव किंवा पावसाळी ओल मिळताच काचेवर त्यांचे आम्ल होते.

डाग की झीज, हे घरच्या घरी ओळखता येते. काच साबणाने धुवा. मग व्हिनेगर लावा. क्षारांचा थर असेल तर तो सुटेल. तरीही धुरकटपणा उरला, तर काचेवर पाणी टाका. ओली असताना स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा दुधाळ झाली, तर ती झिजली आहे असे समजा. पाण्याने सूक्ष्म खळगे तेवढ्यापुरते बुजतात, म्हणून असे होते.

झीज वरवरची असेल तर सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या चकतीने हळूहळू घासतात. काच सतत ओली ठेवावी लागते, कारण ती तापली तर तडकते. पण खळगा नखाला लागत असेल तर या खटाटोपात पडू नये. पुढच्या काचेबाबत तर विशेष जपावे. ती कमीजास्त घासली गेली की रस्ता वेडावाकडा दिसतो, आणि धुरकट ठेवली तर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. तेथे काच बदलणे हेच शहाणपण.

बाजारात काचेचे डाग काढणारी काही द्रावणे याच आम्लाची किंवा अमोनियम बायफ्लोराइडची असतात. ती घरी वापरू नका. सौम्य आम्ल कातडीला लागले तर वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर झडप घालते. असे झाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी, ताबडतोब इस्पितळ गाठावे आणि डॉक्टरांना आम्लाचे नाव सांगावे. कॅल्शियम ग्लुकोनेट हा त्यावरचा उपचार आहे.

आणि खरा प्रश्न मोटारीचा नाहीच. २७ सप्टेंबर २०१२ रोजी दक्षिण कोरियातील गुमी शहरात एका कारखान्यातून हा वायू सुटला. पाच माणसे दगावली, आसपासची पिके आणि झाडे करपली. एवढा अनर्थ रोज होत नाही. पण थोडाथोडा धूर रोज येत असेल, तर जी हवा काचेला लागते तीच आपण छातीत भरून घेतो. काच निदान दुधाळ होऊन सांगते तरी!

म्हणून एकाच आवारातल्या पाचदहा मोटारींच्या काचा अशा झाल्या, भोवतीच्या झाडांची पाने कडेने करपू लागली, तर त्यांची तारखेसह छायाचित्रे काढा, वाऱ्याची दिशा टिपून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सर्वांनी मिळून लेखी तक्रार करा. काच नवी बसवता येते, पण फुप्फुसांची गोष्ट तशी नाही.