हाडाच्या वेळेने झिजणारा धातू

मोटारसायकलवरून पडून किंवा उसाच्या ट्रॉलीवरून घसरून पाय मोडला, की फलटण भागात ‘रॉड टाकला’, ‘प्लेट बसवली’ हे शब्द कानावर येतात. हाड जुळल्यावर तो धातू काढायचा ठरला, तर पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि पुन्हा बुडालेली मजुरी. काम झालं की शरीरातच विरून जाईल असा धातू म्हणून मॅग्नेशियमकडे पाहिलं जातं. प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे 25 ग्रॅम असतंच, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. शिवाय स्टील-टायटॅनियमइतकं ते ताठर नसल्यामुळे हाडाचा सगळा भार स्वतःवर घेऊन हाडाला दुबळं करत नाही.

अडचण त्याच्या घाईची आहे. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. बोअरचं पाणी टाकीचं पोलाद खाण्याआधी त्याला खातं. प्लंबर तो बाहेर काढतो तेव्हा हाती येते खड्डे पडलेली, पांढरी पूड धरलेली काडी. रक्तातलं मीठ हेच करतं, आणि एक ग्रॅम मॅग्नेशियम झिजताना जवळजवळ लिटरभर हायड्रोजन सुटतो. 1907 मध्ये बेल्जियमच्या आल्बां लांबॉत यांनी नडगीवर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत तिचा चुरा झाला, कातडीखाली वायू साठला. पोलादाशी जोडल्यामुळे तिची अवस्था गीझरच्या दांड्यासारखीच झाली.

म्हणून पृष्ठभागावर प्रक्रिया करायची ती गंज कायमचा थांबवण्यासाठी नव्हे, लांबवण्यासाठी, असं मला ठामपणे वाटतं. कधीच न विरघळणारा थर दिला, तर मॅग्नेशियम वापरण्याचं कारणच उरत नाही. एका पद्धतीत स्क्रू अल्कधर्मी द्रावणात बुडवून शेकडो व्होल्टचा दाब देतात. धातूवर बारीक ठिणग्या नाचतात आणि त्याच धातूतून चिनीमातीसारखा कठीण थर उगवतो. त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. ती कॅल्शियम फॉस्फेटने, म्हणजे हाडाच्याच खनिजाच्या जातभाईने, बुजवता येतात.

स्क्रू पिळताना थर खरवडेल, ही शंका रास्त आहे, आणि खरवडलेल्या जागी गंज खोल शिरतो. म्हणून आतला मिश्रधातूही मुळात सावकाश झिजणारा हवा. थर त्याची उणीव झाकू शकत नाही. जर्मनीत बनलेल्या, 2013 मध्ये युरोपीय मान्यता मिळालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला तर लेपच नव्हता, मग खटाटोप कशाला? पण असे स्क्रू पायाच्या अंगठ्यासारख्या लहान हाडांत बसतात. मोठ्या प्लेटला पृष्ठभाग मोठा, तेवढा वायू जास्त. तिथे पहिले काही आठवडे थराने सांभाळलेच पाहिजेत. मांडीच्या हाडात मात्र आज स्टीलचा किंवा टायटॅनियमचा रॉडच घालावा.