आखाजीच्या रात्रीचं वादळ आणि आपल्या बांधाची मोजणी

२०२४ ची आखाजी आठवून पाहा. १० मे, शुक्रवार. घागर भरून झाली, पुरणपोळी झाली, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावरून उतरल्या. रात्री साडेदहाच्या सुमाराला आपण अंगणात खाट टाकून आडवे झालो, तेव्हाच एक मोठं वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. पण झाडाचं पान हललं नाही, की धूळ उडाली नाही. त्या रात्री लडाखमध्ये हानले इथं आभाळात लाल उजेड दिसला. तिकडे अमेरिकेत मक्याची पेरणी ऐन भरात होती. उपग्रहाच्या आधाराने सरळ रेघेत चालणारे तिथले ट्रॅक्टर तास चुकू लागले आणि कित्येक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

हे वादळ सूर्यावरचं. शास्त्रज्ञ या प्रकाराला ‘अवकाश हवामान’ म्हणतात. नावात हवामान असलं तरी पावसाशी त्याचं नातं जोडू नका. गारपिटीचा किंवा अवकाळीचा दोषही त्याला देऊ नका. सूर्य अधूनमधून विद्युतभारित कणांचे लोट बाहेर फेकतो. एक ते तीन दिवसांत ते इथवर पोचतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाला धक्का बसतो आणि शंभर किलोमीटरच्याही वर जो विद्युतभारित हवेचा थर आहे, तो ढवळून निघतो. उपग्रहाचा संदेश त्याच थरातून खाली येतो. तो रखडला की यंत्र जागा चुकीची दाखवतं.

थंड देशांत तर वीजच जाते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून तारांना तेवढी भीती नाही. मालेगावचे माग बंद पडले तर कारण सूर्यावर शोधू नये, आधी डीपीकडे पाहावं! जागादर्शकाचं मात्र तसं नाही. आपल्या अक्षांशाच्या आसपास तो वरचा थर एरवीही दाट आणि चंचल असतो.

आता तुम्ही म्हणाल, आमचं यात काय अडलं? तर अडतं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाइल तुमची जागा टिपतो. गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. जमिनीची मोजणी रोव्हरवर होते, आणि रोव्हरचं सगळं महत्त्व दोन-चार सेंटिमीटरच्या अचूकपणात आहे. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढलेले आपण दाभाडी-सौंदाण्यापासून झोडग्यापर्यंत पाहिले आहेत. मोजणीच्या दिवशी आभाळातला थर बिघडलेला होता का, हे त्या कज्ज्यात कोण विचारणार?

इशारा मिळाला तर पुष्कळ साधेल. इशारा कसा मिळतो ते कसमादेच्या माणसाला लगेच कळेल. चणकापूरहून गिरणेत किंवा हरणबारीहून मोसमला पाणी सोडलं की ते मालेगावात यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काठावरची माणसं सावध होतात. सूर्याच्या वाटेवर तसंच ठाणं आपल्या देशानेही बसवलं आहे. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. त्यावरची सूर्याची छायाचित्रं घेणारी एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने केली आहे. कणांचा लोट अशा ठाण्यावरून गेला की पृथ्वीपर्यंत यायला अर्धा-पाऊण तास लागतो.

पण ठाण्यावर पाणी किती आलं एवढंच कळून भागत नाही, कोणत्या गल्लीत किती चढेल तेही कळावं लागतं. इथं कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. बाजार समितीत हयात घालवलेला माणूस ट्रॉलीतला कांदा पाहूनच तो चाळीत टिकेल की सडेल ते सांगतो, कारण त्याने हजारो ट्रॉल्या पाहिलेल्या असतात. संगणकालाही तशाच जुन्या नोंदी दाखवून तरबेज करतात. त्या वेळी आयुकात असलेले विशाल उपेंद्रन यांच्या पुढाकाराने एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘डॅगर’ नावाची प्रणाली बांधली. अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२३ मध्ये तिची माहिती दिली. जगात कुठे चुंबकत्व किती हलेल, हे ती अर्धा तास आधी सांगते. उत्तर सेकंदाच्या आत येतं. २०११ आणि २०१५ च्या वादळांवर ती तपासून पाहिली. संदेशाची गडबड हा याचाच जोडीदार, पण त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आयबीएम आणि नासाने आणखी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिचं नाव ‘सूर्या’. नऊ वर्षांच्या सूर्यचित्रांवर शिकलेली ही प्रणाली सूर्यावरच्या स्फोटाचा अंदाज दोन तास आधी देते.

खरी अडचण पुढेच आहे. संगणक पाहिलेल्यातूनच शिकतो, आणि उपग्रहांच्या काळात महावादळं झालीच थोडी. दुष्काळ न पाहिलेल्या पोराला विहिरीची किंमत काय कळणार? सर्वांत मोठं नोंदलेलं वादळ सप्टेंबर १८५९ चं. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं बसून डोळ्यांनी सुई पाहत आणि हाताने आकडे लिहीत. चुंबकत्वात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांनी टिपली. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या वहीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार, सुया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. लोखंड टाळून बांधलेल्या त्या इमारतीतून आजही नोंदी होतात. सव्वाशे वर्षं न कंटाळता केलेलं हे कारकुनी काम! आपल्या गावच्या पर्जन्यमापकाची वही कुठे आहे, ते एकदा विचारून पाहा.

इशारा पुण्या-पनवेलच्या संस्थांपर्यंत पोचला तरी तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात आणि तलाठ्यापर्यंत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यापर्यंत, यायला हवा. धरणाच्या विसर्गाचा निरोप येतो तसा मोबाइलवर याचाही येऊ शकतो. त्याला वेगळा खर्च तो काय?

तोवर एवढं करा. मोजणीच्या दिवशी रोव्हरवर जागा पक्की होत नसेल, आकडा सारखा हलत असेल, तर मोजणीदाराला घाई करू नका. शेजारचा खातेदार उभा असेल त्यालाही सांगा. साहेब, चहा घ्या म्हणावं, खुणा आज राहू द्या.