पंखा थांबला, तरी इशारा कां नाहीं?

एकत्र कुटुंबांत संगणक कोणा एकाचा नसतो. वडील मंडळींचे हिशेब, मुलांचा अभ्यास, लग्नमुंजींचीं छायाचित्रें आणि क्वचित् अर्धवट राहिलेला कुलवृत्तान्त, सारें त्याच पेटींत असतें. वस्तु सर्वांची, म्हणूनच तिच्यांतील पंख्याकडे पाहणें हें कोणाचेंच काम होत नाहीं. पंखा थांबल्यास यंत्र सांगेल, असा सर्वांचा भरंवसा! प्रोसेसर फार तापला तर आपला वेग आवरून घेतो. छायाचित्रें साठविणाऱ्या तबकडीला मात्र तसें करतां येत नाहीं. लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत हा भरंवसा पुष्कळदां फोल ठरतो, व त्याचें कारण मोजदादींत असतें.

पंख्याच्या तिसऱ्या तारेंतून दर फेऱ्यास दोन स्पंद निघतात. (दोनच तारांचा पंखा मुका, त्याच्याकडून वेग कळण्याची आशा करूं नये.) मदरबोर्डावरील चिप फेरे मोजीत नाहीं; एक फेरा पुरा होईतों आपल्या घड्याळाचे ठोके किती पडले, तें मोजते. एलएम ७८ या चिपमध्यें व तिच्या धर्तीच्या इतर चिपांमध्यें हे ठोके सेकंदास २२,५०० पडतात, आणि मोजणी २५५ पुढें जात नाहीं. म्हणून ठोके मंद करण्यास १, २, ४ किंवा ८ असा भाजक ठेवावा लागतो. भाजक २ असतां मिनिटास सुमारें २,६५० फेऱ्यांखालचा वेग मोजतांच येत नाहीं. ८ असतां ही सीमा ६६० वर येते. आतां १,२०० फेऱ्यांचा शांत पंखा घ्या. भाजक २ राहिला, तर तो उत्तम फिरत असूनही पडद्यावर शून्य दिसतें व धोक्याचा शब्द उमटतो.

खरी गोम येथें आहे. या खोट्या ओरडीला कंटाळून घरांतील एखादा हुषार मुलगा किमान वेगाची मर्यादाच शून्य करून टाकतो. चिपच्या भाषेंत शून्य म्हणजे २५५. मोजणी त्यावर जाणार नाहीं, तेव्हां इशाराही कधीं उमटणार नाहीं. पुढें पंखा खरोखरच बंद पडला, तरी शून्य तेंच आणि शांतताही तीच! त्या मुलास आम्ही दोष देत नाहीं; नित्य खोटें ओरडणाऱ्याचें तोंड कोणीही बंद करील.

उपाय अवघड नाहीं. प्रथम भाजक वाढवून वेग खरा दिसूं द्यावा. मग १,२०० च्या पंख्यास ९०० ची मर्यादा घालावी. यंत्र बंद होतांच ही मर्यादा पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून ती ‘सेन्सर्स’ आज्ञावलीच्या नोंदवहींत लिहून दर आरंभीं लागू होईल अशी व्यवस्था करावी. आणखी एक खोड: कित्येक चिपांमध्यें इशारा एकदां वाचला कीं पुसला जातो. दुसरी एखादी आज्ञावली सतत वाचन करीत असल्यास, क्षणभर आलेला इशारा आपल्या दृष्टीस पडत नाहीं.

परीक्षेसाठीं पंख्यांत बोट घालण्याचें धाडस नको. मर्यादाच क्षणभर ३,००० करावी व दोनचार सेकंदांनीं पाहावें. वेग बरोबर दिसत असून तरीही शब्द उमटला नाहीं, तर ती चिप किंवा तिचा चालक इशारा देतच नाहीं असें समजून वेगाचा आंकडाच पाहत जावा. उमटला, तर मर्यादा पुन्हां ९०० वर आणावी.