बहमनी राज्याचे कर्तृत्व आणि त्याचे वैगुण्य : महसुली शब्दांच्या साक्षीने

इंदापूर-बारामतीकडील शेतकरी जमिनीचे 'जिराईत' व 'बागाईत' असे दोन प्रकार करतो, हंगामांना 'खरीप' व 'रब्बी' म्हणतो आणि सरकारात 'महसूल' भरतो. हे सर्व शब्द अरबी-फारसी मूळाचे होत. याउलट शेत, नांगर, पेरणी, मळणी हे मराठीत पूर्वापार चालत आलेले शब्द आहेत; 'पाटील' हाही जुन्या 'पट्टकील' या शब्दाचाच वंशज आहे. शेत कसणाऱ्याची भाषा शेतात टिकली, तर हिशेब मागणाऱ्याची दप्तरात रुजली, असे यावरून दिसून येते.

हे सर्व ऋण एकाच राजवटीचे मानणे सयुक्तिक नव्हे. खिलजी व तुघलक यांचा अंमल आधी होऊन गेला होता; निजामशाही, आदिलशाही व मोगल पुढे आले. तथापि दख्खनमध्येच राजधानी ठेवून दीर्घकाळ टिकलेली पहिली मुसलमानी सत्ता बहमनींची होय. अल्लाउद्दीन हसनाने इ. स. 1347 मध्ये दौलताबादेस ती स्थापिली. राजधानी प्रथम गुलबर्गा व नंतर बीदर येथे होती.

राज्याचे आरंभी चार 'तरफ' होते. वजीर महमूद गवान याने त्यांचे आठ केले व दौलताबादेपासून जुन्नर वेगळे काढले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, काही मुलूख खालसा केला आणि जमिनीची मोजणी आरंभिली. बीदरचा मदरसा (1472) हे त्याच्या विद्याप्रेमाचे स्मारक आहे.

परंतु दरबारातील दख्खनी व परदेशी या दोन पक्षांतील वैर या राज्यास कधीच शमविता आले नाही. गवान स्वतः इराणी. त्यातच त्याच्या सुधारणांनी तरफदारांचे बळ घटले. विरोधकांनी त्याच्या नावे बनावट पत्र रचले आणि तिसऱ्या महंमदशहाने 1481 मध्ये, चौकशी न करता, त्याचा शिरच्छेद करविला. सारी घडी एका माणसाच्या आधाराने उभी होती. तो जाताच ती विसकटली. विरोधकांपैकी मलिक हसन याचा पुत्र मलिक अहमद 1490 मध्ये जुन्नरलाच स्वतंत्र झाला. गवानाने निर्माण केलेला तरफच निजामशाहीचे बीज ठरावा, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. पुढे भीमा-नीरेचा हा टापू निजामशाही व आदिलशाही यांच्या ओढाताणीत सापडला. निजामशाहीच्या सेवेतील मालोजी भोसले हे इंदापूरच्याच लढाईत पडले.

राज्य मोडले, पण परगण्यातील देशपांडे व गावचे कुळकर्णी लिहीत राहिले. त्यांच्या लेखणीमुळे हे शब्द मराठी झाले. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने अनेक फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरी खरीप व महसूल ढळले नाहीत. मात्र याच मार्गाने 'फितूर' व 'दगा' हेही शब्द आपल्याकडे आले, हे अभ्यासकाने विसरू नये. बहमनी राज्याचे मूल्यमापन करताना शब्दांचे हे दोन्ही गट एकत्रच वाचले पाहिजेत.